ॲड्रेनॅलिनचे ग्राही आणि उच्च रक्तदाब : एका संकल्पनेचा इतिहास

भीती किंवा राग अनावर झाला की मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक रक्तात मिसळते. त्यामुळे त्वचेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. मात्र स्नायूंच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. एकाच द्रव्याचे असे परस्परविरोधी परिणाम का होतात, हे कोडे शास्त्रज्ञांना दीर्घकाळ उलगडले नव्हते. वॉल्टर कॅनन व आर्तुरो रोझेनब्लूथ यांनी तर त्यासाठी उत्तेजक आणि अवरोधक अशी दोन निराळी द्रव्ये कल्पिली होती.

१९४८ साली अमेरिकेतील जॉर्जिया येथील वैद्यकीय महाविद्यालयाचे रेमंड आल्क्विस्ट यांनी वेगळे उत्तर दिले. ॲड्रेनॅलिनसारख्या सहा द्रव्यांचा प्रभाव त्यांनी निरनिराळ्या अवयवांवर ताडून पाहिला. प्रभावाचे दोनच क्रम आढळले. यावरून फरक द्रव्यात नसून ते स्वीकारणाऱ्या पेशींतील ग्राहींत, म्हणजे रिसेप्टरमध्ये आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या दोन प्रकारांना त्यांनी अल्फा व बीटा अशी नावे दिली. हा निबंध एका नियतकालिकाने नाकारला. दुसरीकडे छापून आल्यावरही तो कित्येक वर्षे दुर्लक्षितच राहिला.

ब्रिटनमधील जेम्स ब्लॅक यांनी मात्र त्याचे मोल ओळखले. हृदयशूळाच्या रुग्णांसाठी बीटा ग्राही रोखणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध १९६४ साली पुढे आले. त्याच वर्षी लंडनमध्ये ब्रायन प्रिचर्ड यांना त्याने रक्तदाबही उतरतो, असे आढळले. ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आल्क्विस्ट १९८३ सालीच निवर्तले होते.

पुढे प्रश्न आला ग्राहींच्या संवेदनशीलतेचा. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांच्या रक्तवाहिन्या नॉरॲड्रेनॅलिनने अधिक आवळल्या जातात. हा दोष केवळ ग्राहींचा नाही. जाड झालेली भिंत तेवढ्याच आकुंचनाने जास्त अरुंद होते, असे स्वीडनचे ब्यर्न फोल्कोव यांनी दाखविले. उलट, अनेक रुग्णांत हृदयाच्या बीटा ग्राहींचा प्रतिसाद मंदावलेला आढळतो. सततच्या उत्तेजनाने ग्राही बोथट होतात, हे त्याचे एक कारण होय. रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्या संशोधनाने या प्रक्रियेचा उलगडा झाला. ग्राहींवरील कार्यासाठी त्यांना आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ साली नोबेल मिळाले.

या इतिहासाचा व्यवहारातील धडा महत्त्वाचा आहे. बीटा ग्राही दीर्घकाळ रोखले की त्यांची संख्या वाढते. अशा वेळी औषध एकाएकी थांबविल्यास हृदयाची धडधड वाढते, रक्तदाब उसळतो, प्रसंगी हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. म्हणूनच रक्तदाब आटोक्यात आला, तरी गोळी स्वतःच्या मनाने बंद न करता वैद्यकीय सल्ल्याने टप्प्याटप्प्यानेच कमी करणे इष्ट ठरते.