बिली वाइल्डर: झुरळाचा एक सीन कापला आणि लेखकाचा दिग्दर्शक झाला

ऋषी कपूर आणि पेंटल बायकांच्या वेशात लपतात तो 'रफू चक्कर' (१९७५) आठवतोय? तो बेतला होता 'सम लाइक इट हॉट' (१९५९) या हॉलिवूडपटावर. त्याचे दिग्दर्शक बिली वाइल्डर. गंमत म्हणजे अमेरिकेत पोहोचले तेव्हा त्यांना धड इंग्रजीही येत नव्हतं.

बर्लिन ते हॉलिवूड

वाइल्डर यांचा जन्म २२ जून १९०६चा. त्यांचं जन्मगाव सुखा आज पोलंडमध्ये आहे. व्हिएन्नात पत्रकारिता करून ते बर्लिनला गेले आणि पटकथा लिहू लागले. १९३३मध्ये हिटलर सत्तेवर आला. ज्यू असलेल्या वाइल्डर यांनी आधी पॅरिस आणि १९३४मध्ये अमेरिका गाठली. कायम राहण्याच्या व्हिसासाठी मात्र त्यांना मेक्सिकोत जावं लागलं.

झुरळाचं प्रकरण काय?

हाच अनुभव 'होल्ड बॅक द डॉन' (१९४१)च्या पटकथेत उतरला. व्हिसाची वाट पाहत हॉटेलात अडकलेला निर्वासित चक्क झुरळाकडे कागदपत्रं मागतो, असा सीन त्यांनी चार्ल्स ब्रॅकेट यांच्यासोबत लिहिला. नायक चार्ल्स बोयेने झुरळाशी बोलायला नकार दिला आणि सीन कापला गेला. वाइल्डर भडकले. आपलं लिखाण वाचवायचं तर दिग्दर्शन आपणच करायचं, असं त्यांनी ठरवलं. पुढच्याच वर्षी 'द मेजर अँड द मायनर' आला.

हसवणाऱ्या माणसाचं दुःख

मग 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) आला. दारूच्या व्यसनावरच्या 'द लॉस्ट वीकेंड'ने (१९४५) त्यांना दिग्दर्शन आणि पटकथा असे दोन ऑस्कर दिले. त्याच वर्षी ते अमेरिकी सैन्यासाठी जर्मनीत होते आणि छळछावण्यांवरच्या 'डेथ मिल्स' या माहितीपटावर काम करत होते. त्यांची आई, सावत्र वडील आणि आजी नाझींच्या ज्यू हत्याकांडात मारले गेले होते.

तरीही त्यांचा विनोद आटला नाही. 'सनसेट बुलेवार्ड' (१९५०)मध्ये त्यांनी चक्क मेलेल्या माणसाला गोष्ट सांगायला लावली. साहेबांच्या भानगडींसाठी स्वतःचा फ्लॅट देणाऱ्या कारकुनाच्या 'द अपार्टमेंट'ने (१९६०) त्यांना एकाच रात्री निर्माता, दिग्दर्शक आणि पटकथालेखक म्हणून तीन ऑस्कर मिळवून दिले.

२७ मार्च २००२ रोजी, वयाच्या ९५व्या वर्षी त्यांचं निधन झालं. लॉस एंजेलिसमधल्या त्यांच्या कबरीवर 'सम लाइक इट हॉट'च्या शेवटच्या संवादाचा आधार घेत एक विनोद कोरलाय. त्यात त्यांची ओळख दिग्दर्शक अशी नाही, लेखक अशी आहे.