त्रेपन्न हजारांची साक्ष

बायकांच्या खेळाला प्रेक्षक नसतात, हे वाक्य इतक्या सहजपणे बोलले जाते की त्याचा पुरावा कोणी मागतच नाही. मागितला, तर इंग्लंडच्या इतिहासातून हाती येतो तो नेमका उलट बाजूचा पुरावा. १९२० च्या नाताळात, बॉक्सिंग डेच्या सुट्टीला, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर डिक-कर लेडीज आणि सेंट हेलन्स लेडीज या दोन संघांचा फुटबॉल सामना झाला. आत ५३,००० माणसे होती आणि जागा नाही म्हणून बाहेर राहिलेली आणखी कित्येक हजार. त्या एका सामन्यातून धर्मादाय कामासाठी तीन हजारांहून अधिक पौंड जमले. पुरते वर्षही उलटले नाही तोच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने ठराव करून आपल्या क्लबांची मैदाने बायकांना बंद करून टाकली. प्रेक्षकांचे प्रेम आटले म्हणून हा खेळ मागे पडला, असे जे आपण धरून चालतो, ते निदान इथे तरी खोटे आहे. प्रेम भरात असताना ते मोडून काढले गेले.

या संघाचा जन्म लँकेशायरमधल्या प्रेस्टन गावातला. पहिल्या महायुद्धात डिक-कर कंपनीच्या कारखान्यात तोफगोळे तयार होऊ लागले आणि आघाडीवर गेलेल्या पुरुषांच्या जागी बायका कामाला आल्या. मधल्या सुट्टीत कारखान्याच्या अंगणात मुलांबरोबर चेंडू खेळता खेळता त्यांचा संघ उभा राहिला, आणि कचेरीतल्या आल्फ्रेड फ्रँकलंड यांनी व्यवस्थापनाची जबाबदारी घेतली. १९१७ च्या नाताळच्या दिवशी, जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी, प्रेस्टन नॉर्थ एंड क्लबच्या डीपडेल मैदानावर त्यांचा पहिला मोठा सामना झाला. त्याला सुमारे दहा हजार लोक आले. यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: युद्धाचे दिवस, पुरुषांची लीग बंद, करमणुकीला दुसरे काही नाही, त्यात बायका खेळणार हे नवल, मग गर्दी व्हायचीच. १९१७ पुरते हे मान्य करायला हरकत नाही. पण युद्ध संपले नोव्हेंबर १९१८ मध्ये. १९१९ च्या मोसमात पुरुषांची लीग पूर्ववत सुरू झाली. गुडिसन पार्कची गर्दी त्यानंतरची आहे, म्हणजे समोर पर्याय हजर असतानाची. आणि नवलाला ओहोटी लागते. या सामन्यांची गर्दी तीन वर्षांत दहा हजारांवरून त्रेपन्न हजारांवर गेली. १९२१ साली तर हा संघ साठाहून अधिक सामने खेळला.

दुसरा आक्षेप दानधर्माचा. लोक इस्पितळांसाठी, बेकार सैनिकांसाठी पैसे द्यायला आले, खेळ हे निमित्त, असे म्हटले जाते. पण ज्याला फक्त दान द्यायचे आहे तो पेटीत नाणे टाकून घरी जातो. डिसेंबरच्या थंडीत नव्वद मिनिटे उभा राहत नाही. १६ डिसेंबर १९२० ची डीपडेलवरची रात्र पाहा. सामना रात्री ठरला. प्रकाशासाठी युद्धखात्याकडे विमानविरोधी शोधदिवे मागितले गेले, आणि त्या वेळचे युद्धमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी परवानगी दिली. तपकिरी चामड्याचा चेंडू अंधारात दिसेना, म्हणून त्याला पांढरा रंग फासत राहण्यासाठी एक माणूस नेमला होता. चेंडू चिखलात लोळायचा, काळा पडायचा, पुन्हा रंगवलेला मैदानात यायचा. हे बघायला सुमारे बारा हजार माणसे जमली. ज्यांना चेंडू नीट दिसायला हवा होता, अशी ती माणसे होती.

तिसरा आक्षेप सर्वांत चिवट आहे, आणि तो दबक्या आवाजात घेतला जातो: गर्दी खेळाला आली नव्हती, आखूड विजारीतल्या तरुण मुली बघायला आली होती. याला उत्तर देताना बरेच समर्थक घाईघाईने सांगतात की छे, लोक फक्त कौशल्य पाहत होते. मला ही घाई पटत नाही. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरे आणि तशाच टोप्या घातलेल्या त्या मुली देखण्या दिसत, वर्तमानपत्रे त्यांच्या रूपाविषयी लिहीत, आणि बघणाऱ्यांना त्या आवडत, यात लपवण्यासारखे काय आहे? खेळाडू शरीरानेच खेळतो. त्याची चाल, ताकद, झेप, अंगातला डौल यांच्यापासून कौशल्य वेगळे काढता येत नाही. पुरुष खेळाडूंच्या देखणेपणावर जीव टाकणारे चाहते सगळीकडे आहेत, आणि त्यामुळे त्या पुरुषांचा खेळ कमअस्सल ठरला असे कोणी म्हणत नाही. फरक करायचा तर तो आकर्षण आहे की नाही असा करून भागत नाही. आकर्षणाने आलेला माणूस पुढे काय बघू लागतो, हे तपासावे लागते.

गुडिसन पार्कवर काय दिसले? त्या काळचे मोठे आकर्षण असलेली, गोलांचा पाऊस पाडणारी डिक-करची फ्लॉरी रेडफर्ड गाडी चुकल्यामुळे सामन्याला पोहोचलीच नाही. पूर्वार्धात तिच्याच संघातल्या जेनी हॅरिसने एक गोल केला. उत्तरार्धात कर्णधार अ‍ॅलिस केलने स्वतःची बचावातली उजवीकडची जागा सोडली, ती आघाडीच्या मध्यभागी आली आणि तिने तीन गोल मारले. सामना ४-० असा सुटला. बचावपटूने अर्ध्या सामन्यात आघाडीवर येऊन हॅट्‌ट्रिक करणे, यातली मौज कळायला खेळ कळावा लागतो. तीच गोष्ट लिली पारची. ही सेंट हेलन्सची मुलगी, जन्म १९०५ चा, भावांबरोबर खेळत वाढलेली, जवळजवळ सहा फूट उंच. पंधराव्या वर्षाच्या आसपास ती डिक-करकडे आली आणि डाव्या बगलेवरून खेळू लागली. जड, ओल्या चामड्याचा तो चेंडू मैदानाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला पोहोचवणे त्या काळी भल्याभल्या पुरुषांना जड जाई. पारचा डावा पाय ते करत असे. तिच्या फटक्याने गोलरक्षकाचा हात मोडल्याची कथा सांगतात. ती खरी असो वा रचलेली, लोकांनी तिच्याविषयी कथा रचायला निवडली ती फटक्याची. देखण्या मुलींच्या घोळक्यातून एकीचा डावा पाय ओळखून लक्षात ठेवतो, तो बघ्या उरत नाही. तो दर्दी असतो.

मग बंदी का आली? असोसिएशनने ठरावात दोन कारणे दिली: फुटबॉल स्त्रियांना मुळीच योग्य नाही, आणि जमलेल्या पैशातला फार मोठा हिस्सा खर्चात जातो. पहिल्या कारणाच्या पाठीशी काही डॉक्टरांची मते होती. पण याच बायकांनी कारखान्यांत तोफगोळ्यांचे अवजड काम केले होते, तेव्हा कोणाला त्यांच्या शरीराची काळजी वाटली नव्हती. दुसऱ्या कारणासाठी हिशेबतपासणी पुरली असती. सगळ्या संघांना सगळी मैदाने बंद करण्याची गरज नव्हती. एक गोष्ट मात्र ठरावात लिहिलेली नाही. १९२१ मध्ये खाणमालकांनी टाळेबंदी केली तेव्हा बायकांचे संघ खाणकामगारांच्या कुटुंबांसाठीही सामने खेळत होते. हा पैसा आणि ही गर्दी असोसिएशनच्या ताब्यात नव्हती. बंदीमागे हेही होते, असे काही इतिहासकार मानतात, आणि मला ते पटते.

बंदीनंतर जे झाले त्यानेच दानधर्माचा आक्षेपही निकालात निघतो. तोच संघ, त्याच मुली, तीच धर्मादाय कामे पुढे चालू राहिली. पार तर मनोरुग्णालयात परिचारिकेची नोकरी करत १९५० च्या सुमारापर्यंत खेळली. संघ १९६५ पर्यंत टिकला. बदलली ती मैदाने. उंच पायऱ्या, फाटक, तिकीटखिडकी गेली; राहिली ती सार्वजनिक बागांतली आणि रग्बीची मैदाने. गर्दी आटली ती यानंतर.

शेवटी विचारले जाते की बंदी १९७० च्या दशकाच्या तोंडाशी उठली, तर लोक लगेच का परतले नाहीत. इंग्लंडबाहेर ते आले होते. १९७१ मध्ये मेक्सिकोत, कोणत्याही अधिकृत मान्यतेशिवाय, बायकांची विश्वचषक स्पर्धा भरली. आयोजकांनी गोलचे खांबसुद्धा गुलाबी रंगवले, म्हणजे आकर्षण उघडउघड विकायला काढले. आणि अ‍ॅझ्टेका स्टेडियममधल्या अंतिम सामन्यात लाखाहून जास्त लोकांनी डेन्मार्कच्या पंधरा वर्षांच्या सुसान ऑगस्टेसनला तीन गोल करताना पाहिले. इंग्लंडमध्ये मात्र पन्नास वर्षांची तूट होती. मैदानाची सवय बाप मुलाला लावतो, मुलगा आपल्या मुलांना. शनिवारची गाडी, ठरलेली उभे राहण्याची जागा, सकाळच्या वर्तमानपत्रातला वृत्तान्त यांतून चाहता घडतो. इथे दोन पिढ्या त्या सवयीविना वाढल्या. २००८ साली असोसिएशनने बंदीबद्दल माफी मागितली. क्लब संघांच्या सामन्यातला गुडिसन पार्कचा आकडा मोडायला मार्च २०१९ उजाडले. माद्रिदमध्ये अ‍ॅटलेटिको आणि बार्सिलोना यांच्या बायकांच्या संघांना बघायला ६०,७३९ लोक आले.