घरातील माणसे, चित्रातील माणसे

कलेच्या इतिहासात राजे, दरबार आणि देवादिकांच्या चित्रांना मानाचे पान मिळते. घरातील स्त्री, अंगणातील काम, रस्त्यावरचा माणूस यांकडे इतिहासकाराची दृष्टी उशिरा वळते. काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांना मात्र या दुसऱ्या प्रकारच्या चित्रांचे मोल अधिक वाटावे. परमुलखात स्थिरावलेल्या समाजाचा इतिहास दप्तरांत थोडा आणि घरांत पुष्कळ असतो.

ही परंपरा परकी नाही. पूर्वीच्या निजाम राज्यातील अजिंठ्याच्या भिंतींवर जातककथांच्या निमित्ताने शृंगार करणाऱ्या स्त्रिया, दासी, वादक असे नित्याचे जीवन रंगले आहे. या चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम ज्यांनी 1872 पासून विद्यार्थ्यांकडून करवून घेतले, ते जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत असतानाच, 1890 मध्ये, कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर तेथे दाखल झाले.

धुरंधरांनी (1867–1944) पौराणिक व ऐतिहासिक चित्रे विपुल काढली. परंतु 1895 मध्ये बाँबे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना ‘हॅव यू कम लक्ष्मी?’ या चित्रासाठी लाभले. त्यांच्या पाठारे प्रभू समाजातील विवाहविधी, स्त्रियांची वस्त्रे आणि दागिने त्यांनी आपुलकीने टिपले. पाहुण्याला जे दिसते त्याहून घरच्या माणसाला अधिक दिसते, याची साक्ष ही चित्रे देतात. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचे आत्मकथन 1940 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर (1912–2009) याही जे. जे.त शिकल्या, स्वतः चित्रकार झाल्या आणि वडिलांचा चित्रसंग्रह त्यांनी आयुष्यभर जपला. त्या जपणुकीचे महत्त्व 2018 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरलेल्या धुरंधरांच्या प्रदर्शनाच्या वेळी पुन्हा लक्षात आले.

सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (1882–1968) यांचे उदाहरण असेच बोलके आहे. हातातील दिव्याची ज्योत तळव्याने जपणारी त्यांची तरुणी म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. अनेक जण ते चित्र राजा रविवर्म्याचे समजतात. वस्तुतः ते जलरंगातील आहे आणि त्यासाठी चित्रकाराची कन्या गीता समोर उभी राहिली होती. कलावंताचे नाव विसरले, की घरातील मुलीचेही नाव विसरते.

येथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो. धुरंधरांनी विसाव्या शतकाच्या आरंभी चित्रित टपालपत्रांसाठी मुंबईच्या रस्त्यावरची माणसेही रेखाटली. तेथील मोलकरीण किंवा हमाल हा एक ‘नमुना’ आहे. त्याला नाव नाही. घरची स्त्री नावानिशी उरते आणि घरात राबणारी बाई निनावी राहते. दैनंदिन जीवनाचे चित्र म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, त्यातही मान सर्वांना सारखा मिळालेला नसतो. ही उणीव चित्रकाराची एकट्याची नव्हे. ती त्या समाजाची आहे, आणि आपलीही.

हैदराबादला मराठी चित्रकार अपरिचित नाहीत. सालारजंग संग्रहालयात रामकृष्ण वामन देऊसकरांची चित्रे आहेत आणि ती पाहणारे पाहतात. पण जुन्या पेट्यांत पडलेली पेन्सिलीची रेखाटने, रांगोळीच्या वह्या आणि आजी-पणजीने भरलेल्या कशिद्याचे नमुने कोण पाहतो? घर विकले जाते, वस्तू रद्दीत जातात आणि चेहरे ओळखणारी शेवटची व्यक्तीही निघून जाते. म्हणून आमची विनंती लहानशी आहे. प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीने नाव, नाते, अंदाजे साल लिहावे. आणि घरात काम करणाऱ्या बाईचा चेहरा त्यात असेल, तर तिचेही नाव लिहावे.