डोळे शाबूत, दृष्टी अर्धी

गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांमध्ये एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत झालेल्या मृत्यूंची कारणे ‘सर्च’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी घरोघर विचारून नोंदवली. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झाले होते, म्हणजे शंभरातले चौदा. ज्या जिल्ह्याचे नाव आपण मलेरियाशी जोडतो, तिथे मृत्यूचे पहिले कारण लकवा ठरले. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी हा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध केला.

या आकड्यांत गेलेल्यांची मोजदाद आहे. लकव्यातून वाचलेल्यांपैकी काहींची एक तक्रार मात्र सहसा कुणाच्या वहीत चढत नाही. हात हलू लागतो, बोलणे परत येते, पण माणूस चौकटीला एकाच बाजूने धडकत राहतो. “उजव्या डोळ्याने दिसत नाही,” असे तो सांगतो. डोळे तपासले तर दोन्ही ठीक निघतात. तक्त्यावरची बारीक अक्षरेही तो वाचतो. मग घरचे म्हणतात, “आता वय झालं, काहीतरीच बोलतात.” चंद्रपुरात मी अनेक वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. आमच्या भागात हे वाक्य मी एकाहून अधिक घरांत ऐकले आहे. त्यातूनच, दिसणे नेमके कुठे घडते हे माणसाला कसे कळले, याचा इतिहास मी वाचू लागलो.

तो इतिहास रणांगणावर सुरू होतो. १९०४-०५च्या रशिया-जपान युद्धात रशियन बंदुकीची लहान, वेगवान गोळी कवटीतून आरपार जाई आणि कित्येक सैनिक तरीही जगत. ततसुजी इनोये या जपानी नेत्रतज्ज्ञाकडे अशा जखमींची दृष्टी किती गेली हे तपासण्याचे काम होते, कारण त्यावर त्यांचे निवृत्तिवेतन ठरणार होते. गोळी कुठून शिरली, कुठून बाहेर पडली आणि समोरच्या दृश्याचा कोणता तुकडा नाहीसा झाला, हे त्याने जुळवून पाहिले. १९०९ साली त्याने डोक्याच्या मागच्या बाजूस असलेल्या दृष्टिकेंद्राचा नकाशा मांडला. पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स या ब्रिटिश डॉक्टरने तोच मार्ग पुढे नेला. मेंदूच्या डाव्या बाजूचे दृष्टिकेंद्र निकामी झाले, तर दोन्ही डोळ्यांना समोरच्या जगाची उजवी बाजू दिसत नाही. उजवे निकामी झाले तर डावी. आमच्याकडचा रुग्ण ‘उजवा डोळा’ म्हणतो, तेव्हा बहुधा त्याला उजवी बाजू म्हणायची असते.

पण जखमेवरून काढलेल्या अनुमानात एक उणीव राहते. जखम कायमची असते आणि ती आपल्याला हवी तिथे पडत नाही. निरोगी माणसाचा मेंदू क्षणभर थांबवून पुन्हा चालू करता आला, तरच पुरावा पक्का. इथे चुंबक येतो.

बदलते चुंबकीय क्षेत्र वाहकात वीज निर्माण करते, हे मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवले होते. १८९६ साली पॅरिसमध्ये द’आर्सोनव्हाल याने माणसाचे डोके मोठ्या वेटोळ्यात ठेवून प्रत्यावर्ती प्रवाह सोडला. माणसाला प्रकाशाचे लुकलुकणे दिसले आणि भोवळ आली. १९१० साली लंडनमध्ये सिल्व्हेनस थॉम्प्सन यानेही असेच लुकलुकणे नोंदवले. मेंदूला चुंबकाने जागे केले, असे वाटण्याजोगा हा प्रकार होता. पुढे १९४७ साली बार्लो आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की हा प्रकाश डोळ्याच्या पडद्यातच उमटतो. मेंदू अजून दूरच होता.

त्याच्यापर्यंत पोहोचले ते शेफील्डचे अँथनी बार्कर आणि सहकारी, १९८५ साली. टाळूवर धरलेल्या वेटोळ्यातून त्यांनी हजारो अँपिअरचा प्रवाह सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळ सोडला. कवटीला धक्का न लावता आतल्या पेशी चेतवल्या गेल्या आणि हाताचे स्नायू हलले. चारच वर्षांनी, १९८९ साली, न्यूयॉर्कमध्ये अमासियन यांनी तेच वेटोळे डोक्याच्या मागे धरले. पडद्यावर तीन अक्षरे क्षणभर झळकत. त्यानंतर ८० ते १०० मिलिसेकंदांनी झटका दिला, की ती अक्षरे सांगता येत नसत. झटका फार आधी किंवा फार उशिरा दिला, तर ती नीट सांगता येत. डोळे उघडे, प्रकाश आत गेलेला, तरी दिसणे थांबलेले! १९९२ साली बेकर्स आणि होम्बर्ग यांनी दृष्टिकेंद्राच्या शेजारचा एक भाग असाच काही क्षण अडवला, तेव्हा माणसाला वस्तूंची हालचाल ओळखणे कठीण झाले. २००० साली काउई आणि वॉल्श यांनी पूर्ण अंध व्यक्तीच्या दृष्टिकेंद्रावर झटका दिला, तर तिला प्रकाश दिसला. तिथे डोळ्यांचा काही सहभागच नव्हता. इनोयेने जखमांवरून वाचले, ते चुंबकाने दोन्ही बाजूंनी सिद्ध केले.

हे यंत्र आज मोठ्या शहरांत नैराश्यावरील उपचारांत वापरले जाते. अमेरिकेने त्याला २००८ साली मान्यता दिली. लकव्याने गेलेली अर्धी दृष्टी परत आणणारा प्रस्थापित उपचार म्हणून मात्र ते अजून उभे राहिलेले नाही. तेव्हा एटापल्ली-भामरागडला हे यंत्र कधी येईल, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. यंत्राने पटवून दिलेली गोष्ट तिथे पोहोचू शकते आणि तिला वीज लागत नाही. रुग्णासमोर बसा, त्याला तुमच्या नाकाकडे पाहत राहायला सांगा, दोन्ही बाजूंना हात धरून बोटे मोजायला सांगा. एका बाजूची बोटे दिसत नसतील, तर ‘काहीतरीच बोलतात’ हे वाक्य तिथेच संपते.

त्या कळण्याला इथे फार किंमत आहे. उजवी बाजू गेलेल्याला वाचताना ओळीतला पुढचा शब्द सापडत नाही. डावी गेलेल्याला नव्या ओळीचा आरंभ. पण पहाटे मोह वेचायला किंवा तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्याची एक बाजू कोरी असेल, तर ताडोबाच्या परिसरात ती कोणती बाजू, हे सोबत्यांना ठाऊक असलेच पाहिजे. मान वळवून ती बाजू मुद्दाम पाहण्याची सवय शिकवता येते. खाट कुठल्या भिंतीला लावायची, बोलायला कुठल्या बाजूने जायचे, सायकल द्यायची की नाही, हे घरच्यांना ठरवता येते.

याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळांचे उपचार शिकवले. ३९ गावांतील त्या कामाचा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि पुढे ‘आशा’ सेविकांच्या घरभेटींना त्याचा आधार मिळाला. श्वास मोजायला शिकलेल्या त्या हातांना, लकवा होऊन घरी परतलेल्या माणसासमोर दोन बोटे धरणे काही जड नाही.