तीन काडतुसं : बदकांच्या शिकारीची सेमी-ऑटोमॅटिक बंदूक

माझा भाचा गेली वीस वर्षं अमेरिकेत मिनेसोटात आहे. तिकडचा नागरिक झाला, घर झालं, आणि आता ऑफिसातल्या मित्रांबरोबर ऑक्टोबरात बदकांच्या शिकारीलाही जाऊ लागला. गेल्या वर्षी त्याचा फोन आला : "मामा, तू मेकॅनिकलवाला. दोन वर्षं मित्राची बंदूक मागून नेली. आता स्वतःची सेमी-ऑटो घ्यायची आहे. दुकानदार एक सांगतो, मित्र दुसरं सांगतात. तू सांग, कुठली घेऊ?"

त्याला मी लगेच उत्तर दिलं नाही. एक तर आमच्या घरात आता कोणी बंदुकीला हात लावत नाही. दुसरं असं, की त्याच सुमारास माळा साफ करताना आजोबांचा काडतुसांचा चामडी पट्टा सापडला होता. पंचवीस घरांचा, वाळून कडक झालेला. आजोबा बडोदे राज्याच्या नोकरीत होते, आणि हिवाळ्यात साहेबांबरोबर वढवाण्याच्या तलावावर बदकांना जात. तेव्हा प्रश्न मिनेसोटाचा असला तरी धागा डभोईपर्यंत येत होता. तो धरून जे वाचलं, समजून घेतलं, ते मंडळापुढे ठेवतो.

सुरुवात १९०२ पासून

जॉन मोझेस ब्राउनिंग हा अमेरिकेतल्या युटा प्रांतातला बंदूक-कारागीर. आपोआप काडतूस भरणारी छर्ऱ्याची बंदूक त्यानं १९०० च्या आधीच तयार केली होती. चाप एकदा ओढला की एकच बार निघतो. पण रिकामी टोपी बाहेर टाकणं, नवं काडतूस नळीत नेणं, पुढच्या बारासाठी सज्ज होणं हे सगळं बंदूक आपण होऊन करते. सेमी-ऑटोमॅटिक म्हणायचं ते एवढ्यालाच.

त्याआधी बरीच वर्षं ब्राउनिंग आपली डिझाइनं विंचेस्टर कंपनीला ठोक रकमेला विकत असे. या वेळी त्यानं दर बंदुकीमागे रॉयल्टी मागितली. विंचेस्टरनं नकार दिला. तो रेमिंग्टनकडे गेला. जानेवारी १९०२ मध्ये कंपनीचे प्रमुख मार्सेलस हार्टली यांना भेटायला तो कचेरीत बसला होता, आणि त्याच दिवशी हार्टली अचानक वारले. मग ब्राउनिंग बोटीनं बेल्जियमला गेला आणि एर्स्तालच्या फाब्रिक नासियोनाल कारखान्याशी करार करून आला. पुढे अमेरिकेतल्या आयात जकातीमुळे बेल्जियमची बंदूक तिथे महाग पडू लागली, तेव्हा १९०५ पासून रेमिंग्टननंही परवान्यावर तीच बंदूक काढली. बेल्जियमची 'ऑटो-५' आणि रेमिंग्टनची 'मॉडेल ११' या एकाच आईच्या दोन मुली. पाठ चौकोनी, उंच, कुबड असल्यासारखी. त्यावरून लोक तिला 'कुबडी' म्हणत. ती १९९८ पर्यंत बनत राहिली. कुठल्याही यंत्राला एवढं आयुष्य सहसा मिळत नाही.

विंचेस्टरला नंतर पस्तावा झाला. पण ब्राउनिंगचं पेटंट इतकं चोख होतं, की बोल्ट मागे ओढायची साधी मूठसुद्धा त्यांना लावता येईना. १९११ च्या त्यांच्या मॉडेलमध्ये मग नळीच हातानं धरून मागे दाबायची सोय केली. काडतूस अडकलं की लोक दस्ता जमिनीवर टेकवून, नळीचं तोंड स्वतःकडे ठेवून जोर लावत. त्यात काही जण जखमी झाले, काही मेले. पेटंटमधून पळवाट काढताना वापरणाऱ्याचा हात कुठे जाईल याचा विचार राहून गेला. इंजिनिअर लोकांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

धक्का कुठे खर्चायचा?

बार उडाला की बंदुकीला मागे धक्का बसतो. त्यातली थोडी शक्ती काढून यंत्र चालवायचं, हाच सगळा खेळ. ती कुठून काढायची याची तीन उत्तरं आहेत, आणि आजची निवडही त्या उत्तरांभोवतीच फिरते.

पहिलं उत्तर ब्राउनिंगचं. नळी आणि बोल्ट एकमेकांना जखडलेले असताना दोन्ही मिळून पूर्ण मागे येतात. मग नळी स्प्रिंगच्या जोरानं पुढे जाते, बोल्ट मागेच थांबतो, त्या फटीतून रिकामी टोपी उडते, नवं काडतूस वर उचललं जातं आणि बोल्ट पुढे येतो. मागे येणाऱ्या नळीला आवरायला काडतुसांच्या नळकांड्यावर ब्राँझचा एक घर्षण-तुकडा आणि पोलादी कडी असते, गाडीच्या ब्रेकसारखी. भारी काडतूस असेल तर कडी स्प्रिंगच्या पुढे, त्या ब्राँझच्या तुकड्याला भिडवून ठेवायची. हलकं असेल तर काढून स्प्रिंगच्या मागच्या टोकाला सरकवायची. ही अदलाबदल मालकानं स्वतः करायची. ती विसरून भारी काडतुसं झाडली तर पुढचं लाकूड तडकतं. नळकांड्याला तेल जास्त झालं तरी ब्रेक घसरतो आणि तोच परिणाम होतो. जुनी 'कुबडी' विकत घेणारा जाणकार आधी पुढचं लाकूड उघडून तडा शोधतो, तो यामुळे.

दुसरं उत्तर गॅसचं. नळीला बारीक भोकं पाडून थोडा गॅस बाहेर घ्यायचा आणि त्यानं दट्ट्या ढकलायचा. ही पद्धत १९५० च्या दशकात छर्ऱ्याच्या बंदुकीत आली, आणि १९६३ च्या रेमिंग्टन ११०० नं ती घरोघर नेली. धक्का लांबत जातो, म्हणून खांद्याला मऊ लागतो. पण काजळी साचते, आणि गॅस अडवणारी रबरी कडी झिजली की यंत्र अडखळतं. साफसफाईचा कंटाळा असणाऱ्यानं ही घेऊ नये.

तिसरं उत्तर इटलीतून आलं. १९६० च्या दशकात ब्रुनो चिवोलानी यांनी जडत्वावर चालणारी रचना शोधली आणि बेनेली कंपनीनं ती बाजारात आणली. बंदूक धक्क्यानं मागे येते, पण बोल्टचा जड भाग जडत्वामुळे जागीच राहू पाहतो. त्याच्या आणि बोल्टच्या डोक्याच्या मध्ये एक आखूड, ताठ स्प्रिंग असते, ती दाबली जाते. पुढच्या क्षणी तीच स्प्रिंग बोल्टला मागे फेकते. भाग कमी, काजळी कमी. चिखल, पाणी, बर्फ यांत टिकाव चांगला. मात्र बंदुकीला मागे हलायला जागा हवी. फार हलकं काडतूस घातलं किंवा बंदुकीवर जास्तीचं वजन लादलं तर ती अडखळते. आणि गॅसच्या बंदुकीपेक्षा खांद्याला धक्का जास्त जाणवतो.

बंदुकीपेक्षा कायदा मोठा

इथपर्यंत मी भाच्याला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणजे मॅगझीनमध्ये जितकी जास्त काडतुसं तितकं चांगलं, नाही?" खरा इतिहास त्याच्या या वाक्यापासून सुरू होतो.

'ऑटो-५' मधला पाचाचा आकडा पाच बारांचा : चार नळकांड्यात, एक नळीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत बदकं मारून शहरातल्या बाजारात विकणं हा धंदा होता. अशा वेळी पाच बारांची आपोआप भरणारी बंदूक आली. प्राणिशास्त्रज्ञ विल्यम हॉर्नाडे यांनी तिच्याविरुद्ध मोहीम उघडली. १९०७ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यानं शिकारीला तिची बंदीच केली. १९१८ मध्ये स्थलांतरी पक्ष्यांचा केंद्रीय कायदा आला आणि पक्षी मारून विकण्याचा धंदा संपला.

पुढे १९३० च्या दशकात मोठा दुष्काळ पडला. उत्तरेकडच्या गवताळ मुलखातली डबकी आटली आणि बदकांची वीणच खुंटली. १९३४ मध्ये डक स्टॅम्प आला : शिकाऱ्यानं दर वर्षी एक डॉलरचा स्टॅम्प घ्यायचा आणि त्या पैशातून पाणथळ जागा राखायच्या. पहिल्या स्टॅम्पचं चित्र जे एन डार्लिंग या व्यंगचित्रकाराचं. १९३५ मध्ये आमिष टाकण्यावर आणि जिवंत बदकं बांधून इतरांना भुलवण्यावर बंदी आली, आणि बंदुकीत एकूण तीनच काडतुसं मावतील असा नियम झाला. तेव्हापासून बदकांच्या शिकारीला नेताना मॅगझीनच्या नळकांड्यात दांडी घालून ते आखूड करावं लागतं. ब्राउनिंगनं यंत्रात जे दिलं होतं, त्यातलं जवळजवळ निम्मं कायद्यानं एका लाकडी दांडीनं काढून घेतलं. बंदूक तरीही खपत राहिली, कारण ती घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना तीन बार पुरेसे होते.

शेवटची गाठ शिशाची. बदकं पचनासाठी तळातले खडे गिळतात, त्यांबरोबर छर्रेही गिळतात आणि विषबाधेनं मरतात. फ्रँक बेलरोज यांनी १९५९ मध्ये यावरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे तीसेक वर्षं वाद चालला, आणि १९९१ पर्यंत संपूर्ण अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे बंद झाले. त्यांच्या जागी पोलादी आले. शिशाची घनता ११.३, पोलादाची ७.८. हलका छर्रा हवेत लवकर मंदावतो, म्हणून तो आकारानं मोठा घ्यावा लागतो. मोठे छर्रे त्याच काडतुसात कमी मावतात, म्हणून काडतूस लांब करावं लागतं. १९८८ मध्ये साडेतीन इंची काडतूस आलं ते याच गरजेतून. शिवाय पोलाद कडक. जुन्या बेल्जियन नळीतून ते झाडू नये असं ब्राउनिंग कंपनी स्वतःच सांगते. आजोबांच्या काळची नामांकित बंदूक अशी एका नियमानं भिंतीवर गेली.

आपल्याकडचं काय?

आपल्याकडे साहेबांच्या आणि संस्थानिकांच्या हाती होती इंग्लिश दुनळी. आपोआप भरणारी बंदूक खिलाडूपणाची नाही असं त्यांच्यात मानत. पण दुनळीनं पक्षी कमी मेले असं मात्र नाही. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी भरतपूरला शिकार झाली, त्या एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. केवलादेवच्या देवळाजवळ दगडावर हा आकडा कोरलेला आहे. तीन काडतुसांचा नियम अमेरिकेत येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. भरतपूरला तसा नियमच नव्हता. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की दिसतं : पक्षी वाचतो की मरतो हे यंत्र किती वेगवान यापेक्षा थांबवणारा कोणी आहे का यावर जास्त अवलंबून असतं.

वढवाण्याचा तलाव सयाजीराव महाराजांच्या काळात १९०९-१० च्या सुमारास शेतीसाठी बांधला. जोजव्याहून ओरसंग नदीचं पाणी कालव्यानं तिथे येतं. थोळचा तलावही गायकवाडी अमलातलाच, १९१२ चा. महाराजांच्या इंजिनिअरांनी बदकांसाठी एक दगडही रचला नव्हता. पाणी आलं म्हणून बदकं आली, आणि बदकं आली म्हणून आजोबांसारखे लोक पट्टा बांधून गेले. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९९१ ची त्याची दुरुस्ती यांनी आपल्याकडची शिकार बंद केली. २०२१ मध्ये वढवाणा आणि थोळ दोन्ही रामसर यादीत गेले. आता हिवाळ्यात तिथे पट्टकदंब हंस उतरतात आणि बडोद्याहून शाळेच्या सहली दुर्बिणी घेऊन जातात. आजोबांच्या पट्ट्यातून सुटलेलं शिसं मात्र तिथल्या गाळात अजून असणारच. शिसं कुजत नाही.

भाच्याला मी काय सांगितलं

शेवटी त्याला लेखी उत्तर पाठवलं, ते थोडक्यात असं. बारा बोअर घे. तीन इंची काडतूस पुरेल. साडेतीन इंची झाडायचा मोह खांदा फार दिवस सोसत नाही. चिखलात, गोठलेल्या पहाटे बसायचं असेल आणि साफसफाईचा कंटाळा असेल तर जडत्वाची घे. खांदा जपायचा असेल आणि दर खेपेनंतर पुसायची तयारी असेल तर गॅसची. नळी पोलादी छर्ऱ्याला चालणारी हवी, चोक बदलता येणारा हवा. दुकानात जाड कोट आणि हातमोजे घालून खांद्याला लावून बघ, कारण वापरशील तेव्हा तेच अंगावर असणार आहे. आणि दांडी आत आहे ना, हे निघण्याआधी बघ.

त्यानं जडत्वाची घेतली. नोव्हेंबरात फोन आला : चार पहाटा बसलो, दोन बदकं मिळाली, एकाही पहाटे तिसरं काडतूस लागलं नाही. मी त्याला पट्ट्याचा फोटो पाठवला. त्याचा प्रश्न आला, "पंचवीस? एका सकाळी?"

आजोबा परत येत तेव्हा पट्टा रिकामा असे, एवढं आईनं मला सांगितलं होतं. ते मी त्याला कळवलं. पट्टा आता मंडळाच्या कपाटात ठेवायला देत आहे.