विद्यार्थ्याच्या पाठीशी उभी राहिलेली माणसे

शिक्षणसंस्थांचे इतिहास आपल्याकडे बरेच लिहिले गेले. त्यांत संस्थापकांची छायाचित्रे असतात, मुख्याध्यापकांची नामावळी असते, देणगीदारांच्या रकमा असतात. परंतु खेड्यातून आलेला मुलगा माध्यमिक शिक्षणाची पाच-सात वर्षे कोणाच्या पडवीत निजला, कोणाच्या पंक्तीला जेवला आणि आजारी पडला तेव्हा त्याच्या उशाशी कोण बसले, याची नोंद त्यांत क्वचितच सापडते. वस्तुतः पुष्कळ मुलांची शाळा सुटली ती बुद्धी उणी पडली म्हणून नव्हे, तर या गोष्टी उण्या पडल्या म्हणून.

गोमंतकापुरते पाहू. पणजीचे लिसेव १८५४ साली स्थापन झाले व पोर्तुगीज अमदानीत सरकारी माध्यमिक शिक्षणाचे तेच मुख्य केंद्र राहिले. पेडणे, सत्तरी, फोंडा वा काणकोण येथील मुलाला तेथे शिकावयाचे तर पणजीत बिऱ्हाड करणे भाग होते. मांडवीवर पहिला पूल झाला तो १९७० साली. तोवर उत्तरेकडून येणाऱ्याला नदी होडीतूनच ओलांडावी लागे. शिवाय लिसेवाची हजेरीची शिस्त करडी. 'फाल्तां'ची संख्या ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली, की अख्खे वर्ष बुडे. तेव्हा पावसाळ्यात तापाने अंथरूण धरलेल्या मुलाला वेळेवर पेज करून घालणारे माणूस जवळ असणे, हे त्या मुलाच्या दृष्टीने एखाद्या विद्वान अध्यापकाइतकेच मोलाचे होते. असे माणूस म्हणजे बहुधा लांबच्या नात्यातली एखादी मावशी, नाहीतर बिऱ्हाडाची मालकीण. इतिहासात तिला स्थान नाही.

ही सोय नात्यागोत्यावर न सोडता समाजाने अंगावर घ्यावी, या विचाराचे आपल्याकडील ठळक उदाहरण म्हणजे पणजीचा मुष्टिफंड. १९०८ साली सुरू झालेल्या या संस्थेचे नावच तिची घटना सांगते. प्रत्येक हिंदू घराने रोज मूठभर तांदूळ बाजूला काढावयाचे आणि त्यातून मुलांच्या शिक्षणाची तरतूद करावयाची. सारी हयात आकडेमोडीत गेलेल्या माणसाला येथे हिशेब केल्यावाचून राहवत नाही. मूठ चाळीस ग्रॅमची धरली, तर घरटी महिन्याला सव्वा किलोच्या आसपास तांदूळ होतो. म्हणजे शंभर घरांचा सव्वाशे किलो. एकट्या धनिकाच्या देणगीपुढे हा आकडा लहान दिसेल. पण देणगी एकदा येते आणि मूठ रोज निघते. शिवाय ती काढणारी गृहिणी असे. सभेत बसावयाचा मान ज्या काळी तिला नव्हता, त्या काळी मुलांच्या शिक्षणाचा एक भार तिच्या तांदळाच्या डब्यावर होता.

पुढे १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंना नागरी समानता लाभली आणि लगेच १९११ साली फोंड्यास गोवा विद्याप्रसारक मंडळ उभे राहिले. डॉ. दादा वैद्य यांच्यासारख्यांच्या परिश्रमाने तेथे जे हायस्कूल वाढले, त्याला प्रजासत्ताकवादी पुढारी आंतोनियो जुझे द आल्मैदा यांचे नाव मिळाले. आपल्या देवस्थानांच्या मुलखातच शाळा आल्यामुळे पुष्कळांचे पणजीचे बिऱ्हाड वाचले. तरीही मॅट्रिकसाठी घाट चढून बेळगावास जाणारे होतेच.

घाटावर याच काळात हे कार्य फार मोठ्या प्रमाणावर झाले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून जी वसतिगृहे काढविली, त्यांत जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या जाती, इतकेच नव्हे तर सारस्वतांचेही वसतिगृह होते. जातवार वसतिगृहांवर टीका करणे सोपे आहे. परंतु ज्या काळी मुलाला जात पाहूनच जेवणाचे पान मिळे, त्या काळी पान आधी, बाकीचे मागाहून, हा महाराजांचा हिशेब मला तरी चुकीचा वाटत नाही. त्याच कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एकाच पंक्तीला बसविणारे बोर्डिंग काढले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या मुलांचे खाणेपिणे पाहणाऱ्या, शिधा संपला तेव्हा अंगावरचे दागिने आणि अखेरीस मंगळसूत्रही देणाऱ्या लक्ष्मीबाई १९३० साली निवर्तल्या. संस्थेचा पुढचा विस्तार त्यांना पाहावयास मिळाला नाही.

लिसेवात 'रैतोर' म्हणजे साऱ्या विद्यालयाचा सर्वाधिकारी. इकडे 'रेक्टर' म्हणजे वसतिगृहाचा देखरेख्या, पगाराने व मानाने शिक्षकाच्या खालचा. शब्द एकच, पण त्याच्या या घसरणीत आपण या कामाची किंमत काय केली ते दिसते.

१९६३ साली भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले आणि खेडोपाडी शाळा निघाल्या. बिऱ्हाडाचा प्रश्न बहुतांशी मिटला. मात्र मदतीची गरज मिटली नाही, तिचे रूप बदलले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे छत्र चौदाव्या वर्षापर्यंतचे. केंद्राच्या माध्यान्ह भोजनाची पंगतही आठवीलाच उठते. म्हणजे नववीत, जेथे अभ्यास एकदम जड होतो आणि मूल मनाने सर्वांत गोंधळलेले असते, तेथेच हात सुटतो. आपण महाजन मंडळी दहावीत गुण मिळविलेल्यांचा देवळात सत्कार करतो, श्रीफळ देतो. नववीत गळालेल्याचे नाव कोणत्याच यादीत नसते.

या बाबतीत गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगाथ' संस्थेचा एक प्रयोग महाजनांनी ध्यानात घ्यावा असा आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ शाळांत नववीच्या मुलांसाठी तो झाला व २०१८ साली प्रसिद्ध झाला. काही शाळांत मुलांना धीर देण्याचे काम तेथील शिक्षकाकडेच सोपविले, काहींत त्यासाठी निराळा, मानसशास्त्राची पदवी नसलेला परंतु शिकवून तयार केलेला साधा समुपदेशक नेमला. शिक्षकांच्या शाळांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. समुपदेशकाच्या शाळांत वातावरण सुधारले, मारामारी व छळ कमी झाला, मुलांची उदासी ओसरली. त्या शाळांत एक पेटी ठेवलेली असे. ज्याला तोंडाने सांगणे जमत नसे, तो आपली अडचण चिठ्ठीवर लिहून तीत टाकी, आणि ती चिठ्ठी उघडून वाचणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम असे.