सोन्याचा ससा आणि दिलेला शब्द

माल खपवण्यासाठी सोने दडवण्याच्या क्लृप्तीचा माग काढताना मी इंग्लंडमधल्या ॲम्प्टहिलला पोहोचलो, अर्थात कागदोपत्री. ऑगस्ट १९७९मध्ये चित्रकार किट विल्यम्सने तिथल्या उद्यानात स्वतः घडवलेला १८ कॅरेटचा ससा पुरला. साक्षीला बॅम्बर गॅस्कॉइन होते. धातुशोधक यंत्राला पत्ता लागू नये म्हणून ससा भाजलेल्या मातीच्या डबीत ठेवला होता.

जागेचे कोडे ‘मॅस्करेड’ या चित्रपुस्तकात होते. चित्रांतल्या डोळ्यांपासून बोटांच्या टोकांवरून रेषा ओढल्या, की चौकटीवरची अक्षरे सापडत. विषुवदिनी माध्यान्ही कॅथरीन ऑफ ॲरागॉनच्या स्मारकाची सावली टेकते, ती ही जागा. पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या.

ससा १९८२मध्ये सापडला. मात्र विल्यम्सच्या पूर्वीच्या मैत्रिणीकडून जागेचा सुगावा फुटला होता, हे ‘संडे टाइम्स’ने १९८८मध्ये उघड केले. खरे उत्तर काढणाऱ्या भौतिकशास्त्राच्या दोन शिक्षकांच्या हाती काहीच लागले नाही.

पुढे कॅडबरीने क्रीम एगसाठी सोन्याची १२ अंडी बक्षीस लावली. लोक नको तिथे खणू लागले आणि मोहीम आवरती घ्यावी लागली.

ससा अस्सल होता. ‘ज्याची बुद्धी, त्याचे सोने’ हा शब्द तेवढा खोटा ठरला. गिऱ्हाइकांनी पैसे मोजले होते ते त्या शब्दाचे, असे मला वाटते.